मोटेच्या पुस्तकाची मांडणी: सॉफ्टवेअर निवडताना केलेल्या नोंदी

३ जुलै २०२५

पुस्तक मामांचं. विषय: कृष्णाकाठच्या विहिरी, मोटा, पाट आणि पाणी वाटून घेण्याच्या जुन्या रीती. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून लिहीत आहेत. स्वतःच छापायचं हे त्यांनी ठरवून टाकलंय. प्रकाशक शोधायचा विषय बंद.

मजकूर डीटीपी करून घेतलेला आहे, पण पेजमेकर ७ मध्ये आणि श्री-लिपीच्या जुन्या फाँटात. पेजमेकर ७ हे २००१ चं सॉफ्टवेअर. अडोबीने २००४ मध्ये त्याचं काम थांबवलं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, त्याला कधीच कळली नाही. जुन्या फाँटांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे फाँट काढला की खाली नुसता कचरा दिसतो. या फायलीतून ई-पुस्तक निघणार नाही, शब्द शोधता येणार नाही, सूची करता येणार नाही. म्हणजे सॉफ्टवेअर कुठलंही घेतलं तरी आधी मजकूर युनिकोडमध्ये आणणं आलं.

पुस्तकाच्या गरजा अशा. तळटीपा भरपूर. मोटेवरची गाणी, ती ओळीला ओळ राखून. मापांचे तक्ते (शेर, पायली, मण, खंडी). मामांनी हाताने काढलेल्या आकृत्या: धाव (मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट), थारोळं (मोटेचं पाणी पडतं ती कुंडी), नाडा (मोटेचा दोर), चाक. शेवटी शब्दसूची.

आणि मामांची एक अट, फोनवर सांगितलेली: "दुसरी आवृत्ती काढायची झाली तर तुझ्यावाचून अडायला नको." ही अट मी गरजांच्या यादीत सगळ्यात वर लिहिली आहे.

६ जुलै

स्वप्रकाशनासाठी सॉफ्टवेअर शोधायला गेलं की तीच तीच नावं पुढे येतात: व्हेलम, ॲटिकस, रीडझी, किंडल क्रिएट. व्हेलम फक्त मॅकवर चालतं, आमच्याकडे विंडोज, त्यामुळे तो प्रश्न लगेच मिटला. बाकीच्यांची तुलना वाचली. प्रकरणाच्या सुरुवातीला वेलबुट्टी किती तऱ्हेची मिळते, एका बटणात छपाई आणि ई-पुस्तक दोन्ही निघतं का, पैसे एकदाच भरायचे की दरमहा. इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्याला हे प्रश्न बरोबर आहेत. एकसलग गद्य, प्रकरणं, संपलं.

आमचा पहिला प्रश्न वेगळा: अक्षर जोडलं जातं का, आणि माझा फाँट मला घालता येतो का? ज्या साधनात ठरावीक फाँटांच्या यादीतूनच निवड करायची आहे, ते आमच्या कामाचं नाही. तळटीपा प्रत्येक पानाच्या तळाशी हव्यात, प्रकरणाच्या शेवटी नकोत, ही दुसरी चाळणी. या दोन चाळण्यांतून खाली उरतात ती जुनीच नावं: वर्ड, लिबरऑफिस, स्क्रायबस, इनडिझाइन आणि लाटेक (आज्ञा लिहून पान बसवायचं साधन, टेक या जुन्या प्रोग्रामवर उभं).

प्रत्येकात घालून बघायला एक पान तयार केलं. नाव ठेवलं छळपान. त्यात: वाङ्मय, उद्ध्वस्त, क्लृप्ती, विठ्ठल, ऱ्हास, शेतकऱ्यांनी, हृदय, शक्त्यनुसार, ट्रॅक्टर, ॲड., दुःख, पुनःपुन्हा, एक तळटीप, मोटेच्या गाण्याचं एक कडवं, खंडी-मणाचा एक तक्ता आणि देवनागरीतला पानाचा आकडा. ज्याला छळपान जमलं त्याचाच पुढे विचार.

११ जुलै

रूपांतर. सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि सगळ्यात महत्त्वाचाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

जुन्या फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवायची. रूपांतर करणारा प्रोग्राम वेलांटी उचलून पुढे नेतो. साध्या अक्षराला ते जमतं. जोडाक्षर आणि रफार एकत्र आले की गडबड: "आर्थिक"चं "आथिर्क", "धार्मिक"चं "धामिर्क". मराठी-हिंदीच्या जुन्या वेबपानांवर अशी अक्षरं पुष्कळ सापडतात, ती याच वाटेने आलेली. शोधायला सोपी आहेत: वेलांटीच्या लगेच नंतर रफार दिसला की ते अक्षर संशयित.

मग "शेतकऱ्यांनी". यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. दुसरा, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. मामांच्या पुस्तकात शेतकरी पानोपानी आहे. निम्मे एका पद्धतीने आणि निम्मे दुसऱ्या पद्धतीने राहिले, तर सूचीत निम्मी पानं गायब होतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. सगळीकडे नुक्त्याचा ऱ केला.

विसर्ग. ऑपरेटरने सगळीकडे कोलन वापरलंय: दु:ख, स्वत:, विशेषत:. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये कोलन आलं तर विसर्ग कर, असा नियम लिहिला. पण देवनागरी आकडेही त्याच गटात येतात, आणि मामांच्या बांधकामाच्या प्रकरणात चुना-वाळूची प्रमाणं आहेत, १:२ वगैरे. आकडे वगळले. शब्दाच्या शेवटचे विसर्ग (स्वतः, अंशतः, मुख्यतः) नियमाने करता येत नाहीत, कारण तिथे खरं कोलनही असू शकतं. त्यांची यादी करून एकेक.

ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या सवयीने अ वर चंद्र देऊन लिहितात. एकच रूप ठेवलं.

जोडीला दुहेरी अनुस्वार, शब्दांत घुसलेल्या मोकळ्या जागा, सरळ अवतरणचिन्हं. हे पटकन झालं.

शेवटी जी फाइल उरली ती साधी मजकुराची, युनिकोड. तिची प्रत तीन ठिकाणी ठेवली. सॉफ्टवेअर काहीही निवडलं तरी ही फाइल मामांची आहे आणि ती उद्या कुठेही उघडेल.

१२ जुलै

मामांना साफ केलेल्या मजकुराची चार पानं पाठवली. उत्तर: "थारोळं बरोबर आलंय. पुढचं पाठव."

१९ जुलै

फाँट. सॉफ्टवेअरच्या आधी हे ठरलं पाहिजे, कारण छळपानावर अक्षर तुटलं तर दोष फाँटचा की सॉफ्टवेअरचा हे वेगळं काढता आलं पाहिजे.

मराठी वाचकाला ल पाकळीचा लागतो आणि श देठाचा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच रूपं आहेत. हिंदी वळणाचा दंडाचा ल असलेलं पुस्तक वाचता येतं, पण शाळेत वेगळा ल गिरवलेल्या माणसाला ते सारखं खुपत राहतं. काही फाँटांत दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा "मराठी" लावली की मराठी ल येतो, न लावली की हिंदी. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये भाषा लावायची सोय हवी आणि सॉफ्टवेअरने ती फाँटपर्यंत पोहोचवलीही पाहिजे.

बघितलेले फाँट: राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, त्याच्यावर आधारलेला आयआयटी मुंबईचा शोभिका, टिरो देवनागरी मराठी, नोटो सेरिफ देवनागरी. सगळे मोफत. शोभिकात साधा आणि ठळक असे दोन्ही आहेत, संस्कृतची अवघड जोडाक्षरंही नीट येतात. टिरोचं वळण जुन्या खिळ्यांच्या छपाईची आठवण देणारं आणि ल मुळातच मराठी, पण त्याला ठळक वजन नाही. शीर्षकाला ठळक मागितलं की सॉफ्टवेअर अक्षराला खोटी जाडी देतं आणि आतल्या पोकळ्या बुजतात. त्यामुळे मजकुराला टिरो आणि शीर्षकांना मुक्ता हा दुसरा फाँट, असं जोडकाम करून पाहिलं.

मामांना दोन नमुने छापून पाठवले, एक टिरोत, एक शोभिकात. डोळ्यांना कुठलं सोसतं ते त्यांनी सांगावं.

२३ जुलै

मामांचं उत्तर आलं: टिरो. कारण दिलं नाही. मला बरं वाटलं, माझंही मन तिकडेच होतं.

२७ जुलै

छळपान सगळ्यांतून काढलं.

वर्ड: अक्षरं ठीक, तळटीपा ठीक. मामांच्या संगणकावर ते नाही आणि त्यांना विकत घ्यायला लावायचं नाही. बाजूला ठेवलं.

स्क्रायबस: फार वर्षं यात देवनागरी नीट जोडलीच जात नसे. १.५.३ आवृत्तीत हार्फबझ हा अक्षरं जोडणारा प्रोग्राम आला आणि २०२४ च्या जानेवारीत १.६ ही स्थिर आवृत्ती निघाली. आता छळपानावरची अक्षरं बिनचूक. रंग, कापणीची जागा, छपाईच्या खुणा हे सगळं यात हाताशी. पण हे साधन चौकटी मांडायचं आहे. पत्रक, मासिक, मुखपृष्ठ यांसाठी उत्तम. अडीचशे पानांचा तळटीपांनी भरलेला मजकूर आणि त्याची शब्दसूची हे त्याचं काम नव्हे. मुखपृष्ठाला घेऊ.

लाटेक: जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे (टेकचं युनिकोड समजणारं रूप) हे आपल्या लिप्यांना खुलं झालं. भाषा मराठी सांगितली, फाँट सांगितला, छळपान पहिल्या फटक्यात आलं. ओळी भरणं इतकं सुरेख की प्रिंट हातात घेऊन बघत बसलो. कारण असं की बाकीची बहुतेक साधनं एकेक ओळ भरून पुढे जातात आणि टेक सबंध परिच्छेद बघून ओळी कुठे तोडायच्या ते ठरवतं. डोनाल्ड कनुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली मांडलेली ती रीत. त्यात संतोष तोट्टिंगल यांनी केलेले मराठीचे शब्द तोडायचे नियमही टेकबरोबरच मिळतात. इंग्रजीपेक्षा आपल्याला या दोन्हींची गरज जास्त. "पाटबंधाऱ्यांसाठीच्या" असा एक शब्द डेमी पानाच्या ओळीत शेवटी मावला नाही की उरलेल्या शब्दांत खिंडारं पडतात.

मला एकट्याला ठरवायचं असतं तर इथेच थांबलो असतो.

इनडिझाइन: माझ्याकडे नाही, एका डीटीपी ऑपरेटरकडे बसून पाहिलं. खाली वेगळी नोंद.

लिबरऑफिस: अक्षरं बरोबर, तळटीपा बरोबर, सूची, अनुक्रमणिका, डावी-उजवी पानं सगळं आहे. ओळ भरणं साधं. मोफत, आणि मामांच्या संगणकावर आधीपासून आहे, त्यांचा पुतण्या घालून गेलाय.

२ ऑगस्ट

इनडिझाइनबद्दल. व्यावसायिक दृष्टीने पाहिलं तर आज मराठी पुस्तकाला हेच. वर्ल्ड-रेडी कंपोझर (ओळी बसवायची त्यातली एक सोय) लावला की देवनागरी नीट जोडली जाते, तोही सबंध परिच्छेद बघतो आणि मराठीचा शब्दकोश घालता येतो. कंपोझर लावला नाही तर वेलांट्या सुट्या होऊन फिरतात, म्हणून ऑपरेटरला पहिला प्रश्न तोच विचारायचा.

दुसरी गोष्ट अक्षरांतलं अंतर. इंग्रजी मजकूर बसवताना ओळ घट्ट किंवा सैल करायला अक्षरांमधली जागा कमी-जास्त करतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते किंवा एकावर एक चढते. स्क्रीनवर कळत नाही, छपाईत प्रत्येक शब्द फुटक्या कौलांसारखा दिसतो. हे मूल्य शून्यच राहिलं पाहिजे, जागा फक्त शब्दांमध्ये घालायची. मी ज्यांच्याकडे बसलो त्या बाईंना हे सगळं तोंडपाठ होतं, त्यांनी काही मराठी मासिकांचं काम केलेलं आहे. दरही वाजवी होता.

अडचण वेगळीच. सॉफ्टवेअर भाड्याने, फाइल त्यांच्याकडे. मामा प्रुफं तपासतात ती लाल पेनने, कागदावर, आणि एकदा नाही. तळटीप वाढवतात, गाण्याचं एक कडवं आठवलं की घालतात. दर फेरीला त्यांच्याकडे जाणं आलं, आणि पाच वर्षांनी त्या बाई दुसरीकडे गेल्या तर ती फाइल उघडायलाही भाडं भरलेला माणूस शोधावा लागेल. पेजमेकरच्या फायली घेऊन आम्ही आज जिथे उभे आहोत, तिथेच परत.

९ ऑगस्ट

लिबरऑफिस ठरलं.

टेकचं पान जास्त देखणं आहे हे मान्य. पण टेकची फाइल म्हणजे आज्ञांमध्ये गुंफलेला मजकूर, आणि मामांना त्यात एक कानाही बदलता येणार नाही. लिबरऑफिसची फाइल ते उघडतील, बदलतील, जपून ठेवतील. त्यांच्या अटीत बसणारं एवढं एकच आहे. त्या बदल्यात ओळींची खिंडारं आपण हाताने बुजवायची.

कुणाचं पुस्तक कवितासंग्रह असेल, किंवा चित्रांचं बालपुस्तक असेल, तर मी हे सांगणार नाही. तिथे इनडिझाइनवाल्या जाणत्या माणसाकडे जा आणि पैसे द्या. लेखकाला स्वतःला फाइलला हात लावायचाच नसेल तरीही तेच.

१७ ऑगस्ट

मांडणी बसवली. पुढच्याला उपयोगी पडतील अशा गोष्टी:

लिबरऑफिस प्रत्येक शैलीत दोन फाँट ठेवतं, एक पाश्चात्त्य लिपीसाठी आणि एक आपल्यासारख्या लिप्यांसाठी. वरच्या खान्यात फाँट बदलला आणि मराठी अक्षर हललंच नाही, अशी तक्रार लोक करतात ती यामुळे. दुसऱ्या खान्यात फाँट, आकार आणि भाषा मराठी, तिन्ही लावायचं.

काहीही हाताने ठळक किंवा मोठं करायचं नाही. प्रकरण, उपशीर्षक, मजकूर, गाणं, तळटीप, तक्ता, प्रत्येकाची शैली. गाण्याच्या शैलीत डावीकडून माप आणि ओळी भरणं बंद, नाहीतर छोटी ओळही ताणली जाते.

मजकूर १२ पॉइंट, ओळीचं अंतर १८. इंग्रजी पुस्तकात हे सैल वाटेल. आपल्याकडे वर मात्रा-रफार आणि खाली उकार-हलन्त, त्यांची टक्कर व्हायला नको.

पानाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर याव्यात म्हणून ओळ जुळवायची सोय चालू केली. पातळ कागदावर मागची ओळ दोन ओळींच्या मधून डोकावली की वाचणं नकोसं होतं.

एकूण पानं २५० च्या आसपास. फॉर्मा १६ पानांचा, म्हणजे १५ फॉर्मे आणि वर १० पानं लोंबकळत. एकतर २४० वर आणायचं किंवा २५६ पर्यंत न्यायचं. मामांना विचारलं. अर्थात २५६. मोटेच्या चाकाच्या दोन आकृत्या त्यांनी "जागा नाही म्हणून" मागे ठेवल्या होत्या.

३० ऑगस्ट

गणपतीत काम मागे पडलं. मामांची प्रुफं आली, लाल पेनने भरलेली. पानांच्या समासात त्यांनी प्रत्येक खिंडाराला गोल केलाय, सांगितलं नसताना. लांब शब्दांत कंट्रोल आणि आडवी रेघ दाबून लपता जोड घातला. शब्द ओळीच्या शेवटी आला तरच तो तुटतो, एरवी जोड दिसत नाही. तुटलेल्या शब्दाचं एकच अक्षर पुढच्या ओळीला जाणार नाही, एवढं पाहिलं. निम्मी खिंडारं अशी गेली. उरलेल्यांसाठी मामांनीच वाक्यं थोडी हलवली. लेखक घरचा असल्याचा हा फायदा.

६ सप्टेंबर

प्रेसमध्ये गेलो. दिवाळी अंकांची गर्दी आहे, त्यांनी ऑक्टोबरअखेरची तारीख दिली. कागद ७० जीएसएम, नॅचरल शेड, शिलाई करून बांधणी. नुसत्या डिंकावर २५६ पानं नकोत, हे पुस्तक लोक शेतावर नेतील असं मामांचं म्हणणं.

लिबरऑफिसच्या पीडीएफमध्ये काळा रंग स्क्रीनच्या तीन रंगांत नोंदलेला असतो. छपाईत तो चार शाईंचा झाला तर बारीक अक्षर पसरतं. आतल्या पानांची पीडीएफ घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्राममधून काढून निव्वळ करडी केली. फाँट पीडीएफमध्ये बसलेत हेही तपासलं. प्रेसला मूळ फाइल द्यायची नाही, पीडीएफच. त्यांच्या संगणकावर टिरो नसेल तर तिथे दुसराच फाँट येईल.

मुखपृष्ठ स्क्रायबसमध्ये, चारी बाजूंनी ३ मिमी कापणीची जागा सोडून. कण्याची रुंदी प्रेसने कागद मोजून सांगितल्यावरच भरायची.

१४ सप्टेंबर

ई-पुस्तक. लिबरऑफिसमधून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) थेट निघतं, मग सिगिल या ईपब दुरुस्त करायच्या प्रोग्राममध्ये साफ केलं. भाषा "एमआर" (मराठीची खूण) नोंदवली, फाँट आत घातला, अक्षरांतलं अंतर कुठे आलंय का ते पाहिलं. गाणी शैलीत बांधलेली होती म्हणून फोनवरही टिकली. खंडी-मणाचा तक्ता मात्र फोनच्या रुंदीत मावत नाही, त्याचे दोन केले.

केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वप्रकाशनाच्या सेवेवर, मराठी ई-पुस्तक घालता येतं. छापील पुस्तकासाठी त्यांच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, त्यामुळे कागदी आवृत्ती आपल्या प्रेसचीच.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगळे क्रमांक लागतात. अर्ज मामांच्या नावाने केला, प्रकाशक म्हणूनही तेच.

२१ सप्टेंबर

बाकी राहिलेलं: क्रमांक आला की मागच्या मुखपृष्ठावर बारकोड. प्रेसकडून एका फॉर्म्याचा नमुना मागवायचा, त्यात तक्त्याचं पान असलेला. ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यातल्या इतर ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या, त्यात मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही येतं. पाकिटांवरचे पत्ते मामा लिहिणार.

मूळ फाइल, साधा युनिकोड मजकूर, दोन्ही फाँट, आकृत्या आणि शैली कशा लावल्यात याचं एक पान, हे सगळं एका पेन ड्राइव्हवर घालून मामांकडे सांगलीला कुरियर केलं. मामांनी फाइल उघडली, तिसऱ्या प्रकरणातली एक तळटीप वाढवली आणि फोन करून विचारलं, पानं २५६ च राहतात ना. राहतात.